मुलांचें ख्रिस्ती शिक्षण



ज्या भूमीवर आपण जमलों आहों, तिचें नांवच शिक्षणाची आठवण देतें. इ. स. १९०० मध्यें महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं आपला अनाथ बालिकाश्रम हिंगण्यास आणिला. तेंच आजचें कर्वेनगर. आपणां ख्रिस्ती मातापित्यांस मात्र आणखी एक प्रश्न पडला पाहिजे : आपलें मूल शिकून कोण होणार? पोटाची विद्या हवीच. परंतु सत्य ओळखणें, त्यावर प्रेम करणें व तें शुद्ध वाणीनें सांगणें, हाच शिक्षणाचा खरा हेतु होय.

येशूसंघाची १५९९ सालची शिक्षणपद्धति याच पायऱ्यांनीं चाले : प्रथम व्याकरण, मग साहित्य व वक्तृत्व, पुढें तत्त्वज्ञान, शेवटीं ईश्वरज्ञान. त्याच संघाचे फादर स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यांत आले. नवख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें सुटलीं होतीं. मन रिकामें राहूं नये म्हणून त्यांनीं मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचिलें व १६१६ सालीं तें छापलें गेलें.

आज आमचें मूल इंग्रजी प्रार्थना पाठ म्हणतें, पण आजीच्या मराठी प्रार्थनेचा अर्थ त्यास उमगत नाहीं. शाळेस दोष देऊन भागणार नाहीं. रोज सायंकाळीं रोझरीनंतर मुलानें शुभवर्तमानाचा एक उतारा मोठ्यानें वाचावा, आपल्या शब्दांत सांगावा, शंका विचारावी. उत्तर ठाऊक नसल्यास वडिलांनीं मुलासह धर्मगुरूंकडे जावें.

जुबिलीनिमित्त मंदिरास आपण नवा रंग देऊं. परंतु त्यांत उद्यां समजून प्रार्थना करणारीं मुलें आजच घडवूं या.