मोठ्यांच्या मागून पेरणी

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी वीस हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं, तर त्यांनी मोबाईल पुढे केला. ‘अमेरिकेतले बडे गुंतवणूकदार घेतात तेच शेअर घ्या, पैसे या खात्यात पाठवा,’ असा मेसेज होता. मी म्हटलं, “महिनाभर थांबा, माहिती काढते.” काय कळलं, ते सांगते.

अमेरिकेत हेज फंड असतात. त्यात श्रीमंतांचे आणि मोठ्या संस्थांचे पैसे असतात. तिथल्या कायद्याप्रमाणे दहा कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीचे शेअर सांभाळणाऱ्यांना दर तिमाहीला आपली यादी जाहीर करावी लागते. त्या याद्या पाहून २०१२ मध्ये ‘गुरू’ नावाचा ईटीएफ निघाला. ईटीएफ म्हणजे अनेक शेअरची एक टोपली, जी बाजारात शेअरसारखीच विकत मिळते. २०१६ मध्ये गोल्डमन सॅक्सनंही असाच एक काढला. म्हणजे कल्पना खरी आहे.

पण यादी द्यायला तिमाही संपल्यावर ४५ दिवसांची मुदत असते. शेजारणीनं मृगात कापूस लावला, तो पाहून आपण दीड महिन्यानं लावला, तर पीक सारखं येईल का? तोवर तिनं तो शेअर विकलेलाही असतो. शिवाय भाव पडेल म्हणून तिनं दुसरीकडे काय सोय केली, ते यादीत पूर्ण दिसत नाही. आपल्याला फक्त पेरा दिसतो, विहीर दिसत नाही.

आणि हे बडे लोक तरी नेहमी जिंकतात का? वॉरन बफे यांनी २००८ ते २०१७ अशी दहा वर्षांची पैज लावली होती. एकीकडे ५०० मोठ्या कंपन्यांचा साधा, कमी खर्चाचा इंडेक्स फंड आणि दुसरीकडे निवडक हेज फंड. जिंकला साधा फंड.

हे ऐकून ताई म्हणाल्या, “मग माझे पैसे वाढायचे कसे?” प्रश्न खरा आहे, बायांनो. पण आधी हिशोब करू. आमच्या गटाचं व्याज महिन्याला एक टक्का, म्हणजे वर्षाला बारा. शेअरनं बारा टक्के दिले, तरी ताईंच्या हातात शून्य. भाव पडला, तर हप्ता मजुरीतून.

आणि मेसेजवाला तर ईटीएफ विकतच नव्हता. तो स्वतःच्या खात्यात पैसे मागत होता. सल्ला देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी आहे का, हे सेबीच्या वेबसाईटवर बघता येतं. फसवणूक झालीच, तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा.

आम्ही ठराव केला: शेअरसाठी गटाचं कर्ज नाही. स्वतःच्या शिलकीतून कुणाला शिकायचं असेल, तर आधी बैठकीत बोलायचं. ताईंनी सही केली, थोडी नाराजीनंच. तुमच्या गटातही हा विषय काढा.