ताप गेला, दुखणे राहिले

आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो, अशी मराठीत म्हण आहे. घरोघरच्या आजारपणांच्या अनुभवातूनच ती घडली असावी. तथापि काही आजारांपुढे ही म्हणही अपुरी पडते. हत्ती निघून जातो आणि मुंगी मात्र वर्ष वर्ष उंबऱ्यावरच रेंगाळत राहते. चिकुनगुन्या हा असाच एक आजार होय. त्याचा ताप बहुधा आठवडाभरात उतरतो. त्यात जीव जाण्याचा प्रसंग क्वचितच येतो. म्हणून ताप उतरला की रोगी बरा झाला, असे घरचे लोक, शेजारीपाजारी आणि कधी कधी वैद्यही धरून चालतात. वस्तुतः पुष्कळांची खरी परीक्षा तेथून पुढे सुरू होते.

या आजाराचे नावच मोठे बोलके आहे. 1952 साली पूर्व आफ्रिकेतील टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, माकोंडे पठारावर तापाची एक साथ आली. सांध्यांच्या कळांनी माणसे अक्षरशः दुमडली. तेथील लोकांच्या भाषेतूनच ‘वाकवून टाकणारा’ अशा अर्थाचा हा शब्द वैद्यकाने उचलला. हिंदी मुलखात त्याला ‘लंगडा बुखार’ म्हणतात. दोन्ही नावांत शास्त्रज्ञांचे सूक्ष्मदर्शक नाही, दोन्हींत रोग्याची चाल आहे. सामान्य माणसाने या आजाराला ओळखले ते त्याच्या वेदनेवरून.

ज्या वर्षी माकोंडे पठारावर ही साथ आली, त्याच 1952 साली पुण्यास विषाणु संशोधन केंद्र स्थापन झाले. आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ती हीच. पुढे या विषाणूने भारतात पाऊल ठेवले. 1963 साली कलकत्ता, त्यानंतर मद्रास, 1965 साली नागपूर आणि 1973 साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी, अशी त्याची वाटचाल आहे. बार्शीच्या साथीत गावातील एकतृतीयांशाहून अधिक लोक आजारी पडल्याचे पाहणीत आढळले. त्यानंतर सुमारे बत्तीस वर्षे हा आजार जणू लुप्त झाला. 2005 च्या अखेरीस तो परतला आणि 2006 या एका वर्षात देशभर जवळजवळ 14 लाख संशयित रोग्यांची नोंद झाली. मधल्या काळात डॉक्टरांची एक संपूर्ण पिढी हा रोगी न पाहताच शिकून बाहेर पडली होती. ताप तिने लवकर ओळखला, परंतु तापामागून येणारे दीर्घ दुखणे ओळखण्यास वेळ लागला.

हे दुखणे कोणत्या घरांत शिरते, हे पाहण्यासाठी जबलपूरच्या सिव्हिल लाइन्सचे उदाहरण घेण्यासारखे आहे. 1817–18 च्या युद्धानंतर हे शहर नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेले. 1956 पर्यंत ते नागपूरच्याच प्रांतात होते. त्यामुळे तेथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. इंग्रजी अमदानीत मुलकी अधिकाऱ्यांसाठी अनेक शहरांत अशा वसाहती आखल्या गेल्या. मूळ शहराच्या दाटीपासून दूर, रुंद रस्ते, मोठी आवारे, झाडांची सावली, अशी त्यांची रचना असे. दाटीवाटीच्या वस्तीतील रोगराई आपल्या दारात येऊ नये, हा त्यामागील एक हेतू होता.

चिकुनगुन्या पसरवणारा एडीस जातीचा डास मात्र ही सीमारेषा मानीत नाही. त्याला गटार लागत नाही. साठवलेले, स्वच्छ, स्थिर पाणी त्याला प्रिय असते. जबलपूरचा उन्हाळा कडक. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो आणि खिडकीखिडकीत कूलर घरघरू लागतात. जूनमध्ये पाऊस येतो, कूलर बंद होतात, पण त्यांतले पाणी तसेच राहते. कुंडीखालची ताटली, गच्चीवरची उघडी टाकी, पाखरांसाठी ठेवलेले परळ, आवाराच्या कोपऱ्यात टाकलेला जुना टायर, इतके त्याला पुरे होते. पाणी ओतून दिले तरी काम संपत नाही, कारण भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही महिनोन्‌महिने तग धरतात. ती कड घासूनच काढावी लागते. हा डास दिवसा चावतो आणि सहसा दोन-चारशे मीटरांपलीकडे जात नाही. तेव्हा एका बंगल्यातील हयगय शेजारच्या बंगल्यातील ताप ठरू शकते, मधली कुंपणभिंत कितीही उंच असो.

आता ताप उतरल्यानंतरची अवस्था पाहू. रोगी सकाळी जागा होतो आणि पहिले पाऊल जमिनीवर टेकवताच घोट्यातून कळ निघते. मनगटे व बोटे ताठरलेली असतात, मूठ मिटत नाही. तासा-दोन तासांनी अंग थोडे मोकळे होते आणि दिवस कसाबसा सुरू होतो. कणीक मळणे, ओले कपडे पिळणे, नळ घट्ट बंद करणे, जिना उतरणे, लेखणी धरणे, ही कामे म्हणून कोणी मोजीत नाही. पण हीच कामे अवघड होऊन बसतात. काही रोग्यांचे सांधे सुजतात. काहींचे दुखणे मध्यंतरी जाते आणि पुन्हा उलटते. तीन महिन्यांनंतरही ते टिकले तर वैद्यक त्यास जुनाट म्हणते. असे रोगी किती, याचे प्रमाण साथीगणिक बदलते. कोठे चौघांत एक, तर कोठे जवळजवळ निम्मे. चाळिशी ओलांडलेल्यांत, स्त्रियांत आणि पूर्वीपासून सांधे दुखत असलेल्यांत ते अधिक आढळते. म्हणजे ज्यांच्या हातांवर घर चालते, नेमके तेच हात या आजाराच्या तावडीत सापडतात.

विषाणू गेला असता वेदना का राहावी, हा प्रश्न साहजिक आहे. या विषाणूला सांध्यांच्या अस्तराचे विशेष आकर्षण असते. त्याला हुसकावण्यासाठी शरीराची संरक्षक दले तेथे जमतात आणि त्यांच्या झटापटीतून दाह उत्पन्न होतो. शत्रू मागे हटला तरी ही दले कधी कधी छावणी उठवीत नाहीत. कोलंबियातील 2014–15 च्या साथीनंतर सुमारे बावीस महिन्यांनी सांधे दुखत असलेल्या रोग्यांच्या सांध्यांतील द्रव तपासण्यात आला, तेव्हा त्यात विषाणूचा मागमूस लागला नाही. याउलट रियुनियन बेटावरील एका रोग्याच्या सांध्यात दीड वर्षाने विषाणूचे अवशेष सापडले होते. दाह चालू ठेवतात ते असे अवशेष, की शरीराचीच विसरलेली शांतता, या प्रश्नाचा निकाल अजून लागलेला नाही.

परंतु रोग्याच्या दृष्टीने त्याहून मोठा प्रश्न घरातल्या घरात असतो. ताप नाही, क्ष-किरणांच्या चित्रात काही नाही, रक्ताच्या साध्या तपासण्याही पुष्कळदा निर्दोष येतात. मग हळूहळू शब्द बदलू लागतात. प्रथम ‘अशक्तपणा आहे’, पुढे ‘वय झाले’, त्यापुढे ‘मनाचे आहे’ आणि अखेरीस, उघड किंवा न बोलता, ‘सोंग आहे’. चारचौघांत हसून बोललेली गृहिणी रात्री मनगट धरून बसते. दिवसाचे हसू पाहिलेल्यांना रात्रीची कळ दिसत नाही. ज्याचे जळते त्याला कळते, असे म्हणतात. पण शेजारी उभा असलेल्याने ती धग मानण्यास काय हरकत आहे? वेदना मोजण्याचे यंत्र अद्याप निघालेले नाही. रोग्याचे शब्द हेच तिचे पहिले आणि पुष्कळदा एकमेव प्रमाण असते. ते नाकारले की दुखण्याला एकाकीपणाची जोड मिळते, आणि असा रोगी पुढे डॉक्टरांकडे जाणेच सोडून देतो.

तसे होता कामा नये, कारण करण्यासारखे पुष्कळ आहे. तापाच्या दिवसांत विश्रांती, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल ही मुख्य भिस्त होय. डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत ॲस्पिरिन व तत्सम वेदनाशामके घेऊ नयेत, कारण डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. विषाणूचे निदान करण्याची सोय आता दूर राहिलेली नाही. खुद्द जबलपुरात 1984 साली सुरू झालेली जनजातीय आरोग्य संशोधन संस्था असून तेथे विषाणूंच्या तपासण्या होतात. ताप गेल्यावर सांधे निश्चल ठेवणे चुकीचे, आणि वेदना दाबून पूर्वीसारखी दगदग करणेही चुकीचे. शेक, हलके व्यायाम, कामाची छोट्या छोट्या टप्प्यांत वाटणी, हा मधला मार्ग लाभतो. सूज तीन महिन्यांनंतरही राहिली तर संधिवाताच्या तज्ज्ञास दाखवावे. काही रोग्यांना दाह आवरणारी विशेष औषधे लागतात आणि ती देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. ‘पूर्ण बरे करतो’ म्हणून दिलेल्या अनाम पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. तात्पुरत्या आरामाची किंमत पुढे हाडांना आणि मधुमेहाच्या रूपाने शरीराला मोजावी लागते.

दिलासा देणारी गोष्ट ही की, बहुसंख्य रोगी कालांतराने सावरतात आणि एकदा होऊन गेलेला हा आजार सहसा पुन्हा होत नाही. मात्र सावरण्याचा काळ पंचांग पाहून ठरत नाही. नागिणीनंतर महिनोन्‌महिने टिकणारी आग, कोविडच्या साथीनंतर अनेकांनी सोसलेला थकवा आणि अंगदुखी, यांनीही हेच शिकवले आहे. रोगातून उठणे आणि बरे होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीची नोंद तापमापक करतो. दुसरीसाठी घरच्या माणसांना रोज सकाळी विचारावे लागते, आज हात कसा आहे, आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवावा लागतो.