आपला तालुका कसा घडला
(जीर्णोद्धार सोहळ्यात केलेले भाषण)



या देवळासाठी नदीपलीकडच्या सोयऱ्यांनीही वर्गणी दिली. पावती फाडताना कोणीतरी म्हणाले, "हे तर परराज्यातले!" म्हणून आज सिरोंचा तालुक्याविषयी चार शब्द सांगावयाचे योजिले आहे. मी कचेरीतला कारकून, कागदावरचे तेवढे सांगतो.

पूर्वी हा मुलूख हैदराबादच्या निजामाचा. १८६० च्या तहाने गोदावरीचा डावा काठ इंग्रजांकडे आला. त्यांचा डोळा नदीवर होता. वऱ्हाडचा कापूस बोटींतून थेट समुद्रापर्यंत न्यावा, असा बेत होता. तेव्हा अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा झाला आणि त्याचे मुख्य ठाणे सिरोंचा! गडचिरोलीला जिल्ह्याचा मान मिळाला त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी तो आपल्याकडे होता, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

पण नदीत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरचे आपले अहेरीकडील देवलमरी. पुष्कळ पैसा ओतून १८७१ साली काम सोडून दिले. बोटी गेल्या, पाठोपाठ १८७४ साली जिल्हाही गेला. भद्राचलमकडचा भाग मद्रास इलाख्यास जोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याची तहसील झाली. १९०७ साली चेरला, अल्बाका व नुगूर हा भागही मद्रासकडे गेला.

पुढचे आपण जाणताच. १९५६ साली मुंबई राज्य, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र, २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा. तरीही जिल्ह्याचे ठिकाण सुमारे २०० किलोमीटर दूरच! समोरच्या काठावर निजाम गेला, आंध्र प्रदेश आला, २०१४ पासून तेलंगणा आहे. इंद्रावतीपलीकडचे बस्तर २००० पासून छत्तीसगडात आहे. लेकीसुना मात्र त्याच घाटावरून ये-जा करीत राहिल्या. तेव्हा त्या वर्गणीदारांस परके कसे म्हणावे?

आता कामाचे बोलतो. घरात जुना कागद सापडला आणि त्यावर जिल्हा 'चांदा' दिसला, तर हा आपला नव्हे म्हणून चुलीत घालू नका. १९८२ पूर्वीच्या कागदावर गडचिरोली जिल्हा असणारच नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासींखेरीज इतर वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. हिशेब केला तर तो १९३० पर्यंत मागे जातो. कागद नसेल तर गावातील वृद्धांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. पण वृद्ध आहेत तोवर तो लिहून घेतला पाहिजे.

ज्यांच्या पेटीत, आढ्याला असे कागद असतील त्यांनी रविवारी सभामंडपात घेऊन यावे. तेलुगूतले असले तरी चालतील, आपल्यात वाचणारे पुष्कळ आहेत. मी दुपारपर्यंत बसेन.