होतकरूचा निबंध कसा तपासावा

होतकरूचा शास्त्रीय निबंध हातीं येतांच शुद्धलेखनावर तांबडी शाई ओतणें सोपें. ‘हा आंकडा काढला कसा?’ हें विचारण्यास निबंध समजावा लागतो. डेल्फ्टचा कापडविक्या लेवेनहूक लॅटिन जाणत नव्हता. १६७६ सालीं त्यानें साध्या डच भाषेंत लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविलें, कीं पाण्याच्या थेंबांत सहस्रावधि सूक्ष्म जीव वावरतात. विद्वानांस तें पटेना. तथापि पत्र केराच्या टोपलींत न टाकतां त्यांनीं निरीक्षणाची रीत विचारली. त्यानें मोजणीची पद्धत लिहिली, प्रत्यक्ष पाहणाऱ्या आठ गृहस्थांचे दाखले धाडले. भिंगाची युक्ति मात्र गुप्तच ठेविली! १६७७ सालीं रॉबर्ट हूकनें मिरीं भिजविलेल्या पाण्यांतील ते जीव सभेस दाखविले आणि १६८० सालीं सोसायटीनें त्या कापडविक्यास सभासद करून घेतलें.