संगणकाचा विद्यार्थी आणि गावाची नोंद



संगणकशास्त्र शिकणारा तरुण म्हटला की कानात इअरफोन, हातात मोबाइल आणि रात्री उशिरापर्यंत उजळलेला पडदा असे एक चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. या चित्राकडे पाहताना घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात काळजी असते आणि काही अंशी कौतुकही असते. परंतु या तरुणाची दिनचर्या जरा निरखून पाहिली, तर तीत एक गोष्ट अशी आढळते, की जिचा शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या दप्तराशी थेट संबंध आहे. ती गोष्ट म्हणजे नोंद ठेवण्याची शिस्त होय. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

एक दिनक्रम

तालुक्याच्या गावाहून शिक्षणासाठी पुण्यास आलेली, संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी एखादी विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणावी. वसतिगृहाच्या खोलीत तिघींना मिळून विजेचा एक बोर्ड असतो. सकाळी कोणाचा मोबाइल आधी चार्जिंगला लावायचा, यावर थोडी कुरबूर होते. तिचा लॅपटॉप दुसऱ्याने वापरलेला, कमी किमतीत घेतलेला असतो. त्याची बॅटरी तासाभरात संपते, म्हणून वर्गात ती भिंतीजवळची जागा धरते. याशिवाय एक पेनड्राइव्ह, एक छोटी बाह्य हार्ड डिस्क आणि एक पॉवर बँक, एवढाच तिचा सरंजाम.

दिवसभरात ती दहा-बारा छायाचित्रे सहज टिपते. फळ्यावरील आकृती पुसली जाण्यापूर्वी मोबाइलमध्ये घेते, सूचनाफलकावरील वेळापत्रक टिपते, पावसानंतरचे आकाश टिपते. सुटीत गावी गेली की आजीने शिवलेली गोधडी, जुन्या बारवेच्या पायऱ्या, शाळेची गळकी खोली आणि नाल्यावर नव्याने घातलेला बंधारा हेही तिच्या कॅमेऱ्यात येते. रात्री अभ्यास संपल्यावर ती त्यांतील मोजकी चित्रे निवडते, प्रत्येकाखाली दोन-चार ओळी लिहिते आणि स्वतःच्या छोट्याशा संकेतस्थळावर ठेवते. वरवर पाहता हा छंद आहे. पण टिपणे, निवडणे, नाव देणे, जपणे आणि मांडणे या पाच क्रिया कोणत्याही चांगल्या दप्तराच्याही पाच पायऱ्या आहेत.

छायाचित्राचा प्रवास

छायाचित्रण ही कला महाराष्ट्राला फार पूर्वीपासून परिचित आहे. १८५४ मध्येच मुंबईत छायाचित्रणप्रेमींची संस्था स्थापन झाली होती. तथापि पुढील शंभरहून अधिक वर्षे सामान्य माणसाचा कॅमेऱ्याशी संबंध लग्नकार्यापुरता आणि यात्रेतील फोटोवाल्यापुरता राहिला. फिल्म महाग, ती धुऊन घेणे महाग. म्हणून चित्र घ्यावयाचे ते विचार करून, आणि घेतलेले चित्र जपावयाचे ते देवघरातील वस्तूप्रमाणे, अशी रीत होती.

१९७५ मध्ये अमेरिकेतील कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी फिल्मविना चालणारा कॅमेरा जुळवला. त्याचे चित्र अवघ्या दहा हजार बिंदूंचे होते, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आज बारा मेगापिक्सेलच्या साध्या मोबाइलमधील चित्र एक कोटी वीस लाख बिंदूंचे असते. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी तीन बाइट धरले, तर एका चित्राला साडेतीन कोटींहून अधिक बाइट लागले असते. १९९२ च्या जेपीईजी पद्धतीने हे ओझे संक्षिप्त होते आणि चित्र साधारणतः चार मेगाबाइटांत मावते. रोज दहा चित्रे घेतली तरी वर्षाकाठी चौदा गिगाबाइटांहून अधिक संचय होतो. चित्र घेणे फुकट झाले. परंतु घेतलेले चित्र शोधणे आणि टिकवणे मात्र कठीण झाले.

हरवलेली तारीख

मोबाइल जेव्हा चित्र टिपतो, तेव्हा त्याच्या पोटात एक अदृश्य टिपणीही साठवतो. चित्र कोणत्या दिवशी व किती वाजता घेतले, कोणत्या उपकरणाने घेतले, आणि परवानगी दिली असल्यास कोणत्या अक्षांश-रेखांशावर घेतले, हे सर्व तीत असते. संदेशवहनाच्या लोकप्रिय ॲपमधून मात्र चित्र नेहमीच्या रीतीने पुढे धाडले, की त्याचा आकार कमी केला जातो आणि ही टिपणी बहुधा गळून पडते. हातोहात फिरणाऱ्या चित्राला गाव राहत नाही आणि तारीखही राहत नाही. यामुळेच एका वर्षीच्या पुराचे चित्र दुसऱ्या वर्षीच्या पुराचे म्हणून फिरते आणि घबराट पसरते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ असे दोन महापूर पाहिलेल्या कोल्हापूर-सांगली परिसरात तारखेविना आलेले पुराचे चित्र नेमके कोणत्या वर्षीचे, हे नुसत्या डोळ्यांनी सांगणे अवघड आहे.

ही बाब केवळ अफवेपुरती मर्यादित नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतः आपल्या पिकाचे छायाचित्र स्थानासह नोंदवू लागला. तेव्हा छायाचित्र हा आता करमणुकीचा विषय उरलेला नसून पुराव्याचा विषय झाला आहे. एखाद्या गावाने नाल्याचे खोलीकरण केले, पण कामापूर्वीच्या नाल्याचे चित्र कोणाच्या तरी जुन्या मोबाइलबरोबर गेले, तर त्या गावाला आपल्या श्रमाचे फळ कशाच्या आधारे दाखविता येईल? शाळेची खोली गळत होती, हे दुरुस्तीनंतर दहा वर्षांनी कशावरून कळेल?

जपणुकीची शिस्त

संगणकाच्या विद्यार्थिनीला हा धोका अभ्यासक्रमामुळे लवकर समजतो. हार्ड डिस्क अचानक बंद पडू शकते आणि पेनड्राइव्ह हरवतो, हे ती एक-दोन सत्रांतच अनुभवाने शिकते. म्हणून ती दोन साध्या सवयी लावून घेते.

पहिली सवय नावाची. कॅमेऱ्याने दिलेले निरर्थक नाव ती तसेच ठेवत नाही. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यापुढे स्थळ आणि विषय, असे नाव ती देते. उदाहरणार्थ, ‘२०२५-०६-१५ शाळा उत्तरेकडील खोली’. तारीख या क्रमाने लिहिली की संगणकावरील यादी आपोआप कालानुक्रमे लागते. जन्ममृत्यूची नोंदवही ज्या तत्त्वावर चालते, तेच हे तत्त्व आहे.

दुसरी सवय प्रतींची. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ‘तीन, दोन, एक’ हा नियम या क्षेत्रात सर्वमान्य आहे. महत्त्वाच्या फाइलीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. लॅपटॉपमध्ये एक, बाह्य डिस्कवर दुसरी आणि गावच्या घरी किंवा इंटरनेटवरील साठवणीत तिसरी, अशी ही व्यवस्था. घर गळले, चोरी झाली वा वीज पडली, तरी एक प्रत उरते.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. जपणे म्हणजे सर्व काही साठविणे नव्हे. दहा सारख्या चित्रांतून एक ठेवून नऊ काढून टाकण्याचे धैर्य ज्याच्याकडे नाही, त्याच्या संग्रहात पाहिजे ते चित्र कधीच वेळेवर सापडत नाही.

आपली जागा, आपली लिपी

जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने हे तंत्र सर्वांना मुक्तपणे उपलब्ध करून दिले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली. त्या मुक्ततेमुळेच आज वसतिगृहातील मुलगी स्वतःचे संकेतस्थळ उभारू शकते. साधी पाने ठेवण्यास विनामूल्य जागा देणाऱ्या सेवा आहेत. पत्ता स्वतःच्या नावाचा हवा असेल, तर त्याचे वार्षिक शुल्क भरावे लागते. हजार शब्दांचा मराठी मजकूर सुमारे वीस किलोबाइटांत मावतो. म्हणजे एका छायाचित्राच्या जागेत असे दोनशे लेख बसतात. मजकूर हलका असतो, लवकर उघडतो आणि शोधल्यास सापडतो, म्हणून चित्राखालच्या दोन ओळींचे मोल चित्राइतकेच आहे.

मोठ्या कंपन्यांच्या व्यासपीठावर सारे काही ठेवता येत असताना स्वतःच्या संकेतस्थळाचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर इतिहासाने दिले आहे. असंख्य लोकांची घरगुती पाने ज्यावर होती, ती जिओसिटीज सेवा अमेरिकेत २००९ मध्ये बंद झाली. आपल्याकडील तरुणांचे आवडते ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. ज्यांनी आपल्या प्रती काढून घेतल्या नव्हत्या, त्यांच्या आठवणीही त्याबरोबर गेल्या. भाड्याच्या घरात राहण्यास हरकत नाही. दागिने मात्र स्वतःच्या पेटीत असावेत.

लिपीचेही तसेच आहे. पूर्वी निरनिराळ्या फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांचा अर्थहीन पसारा दिसे, हा अनुभव अनेक कार्यालयांनी घेतला आहे. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले, आणि ‘ॲ’ या मराठीला हव्या असणाऱ्या अक्षराला २००८ मध्ये स्वतंत्र क्रमांक लाभला. ‘.भारत’ ही देवनागरी पत्त्यांची सोय २०१४ पासून आहे. युनिकोडमध्ये लिहिलेला शब्द कोणत्याही संगणकावर वाचता येतो आणि शोधताही येतो. यास्तव नवी नोंद युनिकोडमध्येच व्हावी, हा आग्रह शोभेचा नसून टिकाऊपणाचा आहे.

मर्यादांचे भान

साधन जितके सोपे, तितकी जबाबदारी मोठी. विद्यार्थ्यांची छायाचित्रे नावासह प्रसिद्ध करण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. बंधाऱ्याच्या चित्रात स्थानाची नोंद उपयोगाची असते. पण एखाद्या मुलीच्या घराच्या चित्रात तीच नोंद धोक्याची ठरू शकते. निकामी मोबाइल आणि फुगलेल्या बॅटऱ्या उकिरड्यावर न टाकता अधिकृत संकलनाकडे द्याव्यात. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

गावाने काय करावे

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक प्राधिकरणांना आपले दप्तर सूचीबद्ध ठेवण्यास आणि शक्य तेथे संगणकीकृत करण्यास सांगितले आहे. यासाठी मोठ्या खर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेने दरवर्षी ठरावीक दिवशी, ठरावीक जागेवरून इमारतीची, विहिरीची आणि झाडांची चित्रे घ्यावीत. पंचायतीने प्रत्येक कामापूर्वी, काम चालू असताना आणि काम पूर्ण झाल्यावर एकाच ठिकाणी उभे राहून चित्र घ्यावे, त्याला तारखेचे नाव द्यावे आणि खाली चार ओळी युनिकोड मराठीत लिहाव्यात. तीन प्रतींपैकी एक पंचायतीत, एक शाळेत आणि एक गावाबाहेर असावी. मूळ फाइल जपावी. संदेशातून आलेली प्रत केवळ पाहण्यापुरती मानावी.

हे सर्व शिकविणारी व्यक्ती बहुतेक गावांत आहेच. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत ती घरी येते, ओट्यावर बसून मोबाइल पाहते आणि वडीलधाऱ्यांची बोलणी खाते. तिला बोलावून चार दिवस पंचायतीच्या संगणकापुढे बसवावे. तिच्या ज्ञानाला काम मिळेल आणि गावाच्या कामाला साक्ष मिळेल. आज टिपलेल्या चित्राला आजच नाव दिले, तर वीस वर्षांनंतर त्या गावात जन्मणाऱ्या पिढीला आपले गाव कसे होते हे कोणाला विचारावे लागणार नाही.