‘चाय’ म्हणजे शाकाहारी!

टूर कंपनी नको, आपलं आपण फिरायचं, असं ठरवून आम्ही दोघं व्हिएतनामला गेलो. हनोई ते दानांग सोळा-सतरा तास रेल्वेने. आमच्या सौ. शुद्ध शाकाहारी, आणि तिथे भाजीतही मासळीचा सॉस! दोन दिवस केळी आणि अबोला. मग हॉटेलातल्या मुलीने एक शब्द शिकवला, ‘चाय’. ऐकायला चहा, अर्थ शाकाहारी! पाटीवर तो शब्द दिसला की टोफू-भात हजर. अबोलाही संपला.

मि-सॉनला चाम राजांची शिवमंदिरं आहेत. त्यातलं एक उंच मंदिर १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बहल्ल्यात पडलं. त्या विटांपुढे आम्ही हात जोडले.

साठी ओलांडलेल्यांनो, मुलं नेतील म्हणून थांबू नका. गुडघे साथ देताहेत तोवर निघा!