व्याख्यानाला या, घरचे कागद जपा



इतिहासाचे व्याख्यान असले म्हणजे सभागृहात बहुधा पिकल्या केसांची मंडळी दिसतात. आपली मुले त्या वेळी शिकवणीला असतात. “व्याख्यान ऐकून गुण वाढतात का?” असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. गुण वाढतीलच असे नाही. पण पारख वाढते.

इतिहासाचार्य राजवाडे व सरदार मेहेंदळे यांनी 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. मंडळाच्या पाक्षिक सभांतून जुने कागद व निबंध वाचले जात. अशा सभेत बसणाऱ्याला प्रश्न विचारण्याची सवय लागते: कागद अस्सल की नक्कल? तारीख जुळते का? शिक्का कोणाचा? ऐकीव गोष्ट आणि पुरावा यांतला फरक असा कळतो.

याच मंडळाच्या ग. ह. खरे यांनी फार्सीचा अभ्यास करून ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’ या मालेचे खंड संपादित केले. कारण दख्खनच्या जुन्या दफ्तरांत फार्सी आणि मोडी दोन्ही आहेत; आदिलशाहीच्या काही कागदांवर तर दोन्ही एकत्र सापडतात. उर्दू वाचणाऱ्या आपल्या मुलामुलींना फार्सीची अक्षरओळख आधीच असते. भाषा शिकावी लागेल, वळणदार अक्षर लावण्याचा सराव करावा लागेल. पण निम्मी वाट चालून झालेली आहे. मराठी तर आपलीच. मग मोडी का परकी वाटावी?

आपल्या सोलापूरचेच पाहा. इथल्या किल्ल्यासाठी निजामशाही आणि आदिलशाही पिढ्यान्‌पिढ्या भांडल्या. चांदबिबीच्या लग्नात तो आदिलशाहीला आंदण मिळाला, तरी तंटा मिटला नाही. दोन्ही घराणी मुसलमान. भांडण धर्माचे नव्हते, मुलखाचे होते. एवढे जरी पुराव्यानिशी समजले तरी चौकातल्या कितीतरी वादांतली हवा निघून जाईल.

आणि 1930 चे सोलापूर! मे महिन्यात गोळीबार झाला, मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. चौघांच्या पुतळ्यांना आपण हार घालतो. पण कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवीत असत, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? हार संध्याकाळी सुकतो. माहिती पिढीला पुरते.

आपण सभागृहात नसलो, तर आपली गोष्ट दुसरा सांगेल, किंवा कोणीच सांगणार नाही. म्हणून पालकांना तीन विनंत्या. महिन्यातून एक संध्याकाळ मुलांना, मुलींनाही, व्याख्यानाला न्या आणि परतताना त्यांना काय पटले, काय पटले नाही ते विचारा. पेटीतली सनद, खरेदीखत, आजोबांचे गिरणीतले कार्ड रद्दीत घालू नका. कागद घरीच ठेवा, पण जाणकाराला दाखवून वाचून घ्या. आणि घरातल्या वृद्धांच्या आठवणी सन-तारखेसह वहीत उतरवा.

विद्यार्थी मित्रहो, व्याख्यान संपल्यावर हात वर करायला लाजू नका. “याला पुरावा काय?” एवढेच अदबीने विचारा. हा प्रश्न पाहुण्या वक्त्यालाही विचारा आणि घरच्या वडीलधाऱ्यांनाही.